पुंजाजी पेंटरची निळी भिंत

मंगळवारी संध्याकाळी संघदीप पडघान कार्यालयातून घरी आला, दाराशी बूट काढले, डबा ओट्यावर ठेवला आणि पाणी पिता पिता त्याची नजर बैठकीच्या भिंतीवर गेली. भिंतीवर एक एसटी उभी होती. चांगली दोन हात लांब, लालभडक, अकरा चाकांची. खिडकीतून एकच प्रवासी बाहेर बघत होता आणि त्याला चष्मा होता. ड्रायव्हर कुठेच नव्हता. मागून पिवळा धूर निघाला होता, तो थेट लाइटच्या बटणांपर्यंत पोचला होता.

"धम्मदीपा!" संघदीप ओरडला. लेकीचं पूर्ण नाव तो फार क्वचित घेई. एरवी ती दीपू होती.

पाच वर्षांची दीपू हातात मेणाच्या खडूंचा डबा घेऊनच आली. पुरावा लपवावा एवढं वय अजून झालं नव्हतं.

"हे कोनं काढलं?"

"मी. आबा येऊन राह्यले ना रविवारी. हे पाहा, हे आबा."

"अन् ड्रायव्हर?"

"त्याले जागाच नाही उरली."

आता लहान मुलाने भिंतीवर खडू ओढणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. कारंजा लाडच्या त्या नव्या लेआउटमध्ये ज्या ज्या घरात पोर आहे, त्या त्या घराची एक तरी भिंत कामी आलेली आहे. पण ही भिंत तशी नव्हती. ही भिंत खुद्द पुंजाजींनी रंगवली होती, आणि पुंजाजी म्हणजे संघदीपचे वडील, केनवडचे पुंजाजी पेंटर. चाळीस वर्षं त्यांनी केनवड आणि आजूबाजूच्या गावांतली घरं, शाळा, विहारं, किराणा दुकानं रंगवली. मागच्या उन्हाळ्यात लेकाचं घर उभं राहिलं तेव्हा बाकीचं घर ठेकेदाराच्या माणसांनी रंगवलं, पण बैठकीतली समोरची भिंत, जिथे बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो लागणार होता, ती पुंजाजींनी कोणाला शिवू दिली नाही. "इथं मी आभाळी मारतो," ते म्हणाले. "हलका."

तोवर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चांगला पिकला होता, पण हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी जन्मभराच्या सवयीने पांढऱ्या रंगाच्या डब्यात स्टेनरच्या, म्हणजे दाट निळ्या रंगाच्या, बाटल्या ओतायला लावून हातानेच रंग कालवला. भिंत रंगवून झाली, चार पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "पाहा, कसं हलकं हलकं आभाळ उतरलं."

भिंतीवर उतरलं होतं ते शाईच्या दौतीतलं निळं. दुपारी बारा वाजता त्या बैठकीत दिवा लावावा लागे. पण संघदीप, त्याची बायको सुकेशनी, आई पंचफुलाबाई, घरातला एकही माणूस काही बोलला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर पुंजाजींनी ब्रश धुतले, कापडात गुंडाळले आणि पुन्हा कधी काढले नाहीत. म्हणजे ती त्यांची शेवटची भिंत ठरली, आणि घरातल्यांनी तिच्याकडे वर्षभर शेवटची भिंत म्हणूनच पाहिलं.

आता त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन वाशिमला झालं होतं. धाकटा मुलगा अमरदीप त्यांच्याजवळ होता, आणि पंचफुलाबाईंना गुडघ्यांमुळे दवाखान्याचे जिने झेपत नाहीत म्हणून त्या कारंजाला संघदीपकडे येऊन राहिल्या होत्या. रविवारी पुंजाजी कारंजाला येणार होते. फोनवर त्यांनी बजावून सांगितलं होतं, "सगळ्यात आधी माही भिंत पाह्यतो. मंग पानी पेतो."

म्हणून ती एसटी रविवारच्या आत हटणं भाग होतं.

"मी ओल्या फडक्याले साबन लावून पाह्यते," सुकेशनी म्हणाली आणि बाथरूमकडे वळलीसुद्धा.

"थांब," संघदीप म्हणाला. "घाई करू नोको. आधी माहिती घेऊ."

इथे त्याने बायकोचं ऐकलं असतं तर भिंत पाच मिनिटांत साफ झाली असती आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण संघदीप तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक होता. चार जणांचं मत आल्याशिवाय कुठल्याही कागदाला हात लावायचा नाही, हे बारा वर्षांत त्याच्या अंगात भिनलं होतं. त्याने माहिती घ्यायला सुरुवात केली, म्हणजे शेजारच्या विमलबाईंना बोलावलं.

विमलबाईंच्या घरी तीन नातवंडं होती, तेव्हा या विषयातला त्यांचा अधिकार मोठा. त्यांनी भिंत जवळून पाहिली, दुरून पाहिली, एक चाक नखाने खरवडून पाहिलं. "टूथपेस्ट," त्या म्हणाल्या. "पांढरं पाह्यजो. जेलवालं काही कामाचं नाही. अन् कोरडंच घासजो."

बुधवारी सकाळी संघदीपने घरातलं सगळं टूथपेस्ट भिंतीला लावलं आणि जुन्या ब्रशने घासलं. एसटीची चाकं गेली, हे मान्य करायला हवं. पण लाल रंग जाण्याऐवजी पसरला आणि जिथे गाडी होती तिथे गुलाबी ढग तयार झाला. त्या ढगातून चष्मेवाला प्रवासी अजूनही बाहेर बघत होता. घरभर पुदिन्याचा वास सुटला. घरातल्या चौघांनी त्या दिवशी मिठाने दात घासले.

"ढग चांगला झाला, पप्पा," दीपू म्हणाली. "आता पाऊस काढू?"

तिचा खडूंचा डबा कपाटावर गेला.

संध्याकाळी समोरच्या घरातले सेवालाल राठोड गुरुजी आले. गुरुजी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण शिकवण्याची हौस निवृत्त झाली नव्हती. त्यांनी आधी विमलबाईंचा उपाय मोडीत काढला. "अरे, खडू कायचा हाये? मेनाचा. मेनाले काय पाह्यजे? गरमी. भिंतीवर कागद धर, वरून गरम इस्त्री फिरव. मेन कागदात उतरते. विज्ञान हाये हे."

"कोनता कागद, गुरुजी?"

"कोनताही. पेपर घे ना कालचा."

विज्ञानाच्या बाबतीत गुरुजींचं चुकलं नव्हतं. कागदाच्या बाबतीत चुकलं. कोरा कागद हवा होता, हे त्यांना इस्त्री फिरवून झाल्यावर आठवलं. थोडं मेण कागदात उतरलं हे खरं, पण त्याच्या बदल्यात कागदाने आपली शाई भिंतीला दिली. पेपर उचलला तेव्हा गुलाबी ढगात एका गृहस्थांचा चेहरा उमटला होता. भरघोस मिशा, डोक्याला फेटा, आणि खाली उलट्या अक्षरांत दोन ओळी. गुरुजींनी आरसा मागवून त्या वाचल्या. तेराव्याचं निमंत्रण होतं.

विमलबाईंनी आधी हात जोडले आणि मग विचारलं, "कोन होते हे?"

"आपल्या इकडचे नाही वाटत," गुरुजी आरशात पाहून म्हणाले. "पन मानूस भला दिसते."

पंचफुलाबाई पलंगावरून हे सगळं बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बाप्पा, पोरीची एसटीच बरी होती."

संघदीपला त्या रात्री जेवण गेलं नाही. परका का होईना, गेलेला माणूस ताटासमोर बसलाय आणि आपण वांग्याची भाजी खातोय हे त्याला पटेना. सुकेशनीने त्या चेहऱ्यावर एक टॉवेल अडकवला, तेव्हा कुठे तो दोन घास जेवला.

गुरुवारी त्याने कार्यालयात शुक्रवारच्या रजेचा अर्ज टाकला. कारण लिहिलं, घरगुती. अर्ज दुपारी परत आला, त्यावर शेरा होता, 'कारण स्पष्ट करावे.' संघदीपने कारण स्पष्ट केलं, 'घरातील भिंत.' अर्ज पुन्हा परत आला आणि यावेळी अर्जामागोमाग साहेबांचं बोलावणंही आलं.

"भिंत पडली काय?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. उभी हाये."

"मग रजा कशाला?"

संघदीपने सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. चारच्या चहापर्यंत बातमी सगळ्या टेबलांवर फिरली, आणि ज्या कार्यालयात एका फाइलीवर अभिप्राय यायला महिना लागतो, तिथे संघदीपच्या भिंतीवर एका तासात नऊ अभिप्राय आले. बटाट्याची फोड. दही. डोक्याचं तेल. कोणी म्हणालं, फोटोफ्रेम मोठी लाव. कोणी म्हणालं, त्या गृहस्थांच्या घरच्यांना कळव. शेवटी आवक-जावक बघणारा मदनसिंग खुर्ची ओढून जवळ आला आणि गंभीरपणे म्हणाला, "टरपेंटाइन. बाकी सगळा टाइमपास हाये." बारा वर्षांत आपल्या कामाची एवढी चर्चा कधी झाली नाही, हे संघदीपला फार लागलं. रजा मात्र मंजूर झाली.

टरपेंटाइनने काम केलं. शुक्रवारी सकाळी अर्ध्या तासात एसटी गेली, ढग गेला, फेटेवाले गृहस्थ गेले. आणि त्यांच्याबरोबर पुंजाजींचा निळा रंगही गेला. खालची पांढरी पुट्टी दिसू लागली, आधी बशीएवढी. तिची कड सारखी करायला म्हणून संघदीपने पॉलिश पेपर घेतला. कड सारखी होईना म्हणून आणखी घासलं. दुपारपर्यंत बुद्धांच्या फोटोखाली दाराएवढा पांढरा चौकोन झाला होता.

संघदीप स्टुलावर बसून राहिला. त्याला रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तो धूळ झटकल्यासारखं तोंड पुसत होता. बापाने जन्मभर लोकांची घरं रंगवली. स्वतःच्या लेकाच्या घरात एकच भिंत रंगवली, आणि ती आपल्याला सांभाळता आली नाही.

"अहो," सुकेशनी म्हणाली, "मी काय म्हनते, बाबाच्या डोयाचं आता..."

"तू काही बोलू नोको," संघदीप म्हणाला. "मी रंग आनतो. अगदी तस्साच रंग आनतो."

रंगाच्या दुकानात शिवम नावाचा तरुण मालक होता आणि त्याच्याकडे संगणकावर चालणारं रंग कालवायचं यंत्र होतं. त्याने विचारलं, "कोड नंबर?"

"कोड नाही. बाबानं हातानं केला होता."

"मंग नमुना द्या."

संघदीप घरी आला, भिंतीच्या कोपऱ्यातून सुरीने टवका काढला, रुमालात बांधला आणि परत गेला. शिवमने टवका यंत्राखाली धरला. यंत्र थोडा वेळ विचारात पडलं आणि त्याने तीन शेड सुचवल्या. एक जांभळी, एक शाळेच्या गणवेशाची, तिसरी जवळपास काळी. संघदीपने तिन्ही नाकारल्या.

शिवमने टवका उजेडात धरून उलटसुलट पाहिला. "काका, खरं सांगू काय? हा रंग बिघडेल हाये. बैठकीत असा कोनी मारत नाही. मी तुमाले मस्त हलका आभाळी देतो, पाहा," आणि त्याने एक पट्टी पुढे केली. पट्टी सुंदर होती. सकाळच्या आभाळासारखी मोकळी.

संघदीपने ती पट्टी पाहिली आणि त्याचा पारा चढला. "माह्या बापानं चाळीस वर्स रंग मारला," तो म्हणाला. "तुह्या यंत्राच्या आधीपासून. बिघडेल म्हनू नोको." आणि टवका रुमालात बांधून ताठ मानेने दुकानाबाहेर पडला. चौकापर्यंत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण रंग घेतलाच नाही.

घरी आल्यावर त्याने आईसमोर हात टेकले. पंचफुलाबाईंनी त्याच्या हातातला रुमाल सोडून टवका पाहिला. मग म्हणाल्या, "सात बाटल्या."

"काय सात बाटल्या?"

"पांढऱ्या डब्यात निया रंगाच्या सात बाटल्या गेल्या होत्या. मीच ओतत होती. ते म्हनत, आजून टाक, आजून दिसत नाही. मी टाकत होती. दोनच्यावर जायले नाही पाह्यजे, हे मलेही समजते बापू, चाळीस वर्स मी त्यायच्या बादल्या धुतल्या."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "पेंटरले सांगू, का तुमाले रंग दिसत नाही म्हून?"

सुकेशनी उठून आत गेली आणि उगाचच भांडी लावू लागली.

शनिवारी सकाळी संघदीपने दुसऱ्या दुकानातून पांढरा डबा आणि स्टेनरच्या सात बाटल्या आणल्या. पंचफुलाबाईंनी पलंगावर बसून त्या एकेक करून ओतल्या, आणि संघदीपने काठीने ढवळलं. पाचव्या बाटलीला सुकेशनीने डोळे मिटून घेतले. सातवी पडली आणि डब्यात तंतोतंत तो रंग तयार झाला. संघदीपने टवका बाजूला धरून पाहिला. केसाएवढाही फरक नव्हता. मग त्याने दिवसभर खपून अख्खी भिंत रंगवली. शर्ट गेला, पायजमा गेला, एक कान निळा झाला, फरशीवर टिपके पडले ते सुकेशनीने पुसले. संध्याकाळी फोटो पुन्हा लावले आणि दिवा लागला. भिंत पहिल्यासारखी काळवंडून उभी होती. विमलबाई येऊन म्हणाल्या, "हुबेहूब!" गुरुजी म्हणाले, "कोनी म्हननार नाही." आठवड्यात पहिल्यांदा संघदीपला आपण काहीतरी केल्यासारखं वाटलं.

रविवारी नऊ वाजता अमरदीपचा फोन आला, वाटेत शेलूबाजारला दोघं चहा घेत होते. "बाबा लय खुशीत हायेत," तो म्हणाला. "रस्त्यानं सगळ्या पाट्या वाचून राह्यले. दुकानाचे रंग सांगून राह्यले मले. म्हनते, पोपटी आता पोपटी दिसते."

संघदीपने फोन ठेवला आणि तो जागच्या जागी बसला.

"सुकेशनी," तो म्हणाला, "बाबाले आता रंग दिसतात."

"शुक्रवारपासून तेच सांगून राह्यली मी तुमाले," सुकेशनी म्हणाली.

आता काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. पाऊण तासात भिंत रंगवून वाळत नाही. टॉवेल टांगावा म्हटलं तर भिंत बारा फूट. दारात ऑटो थांबला. अमरदीपने हात देऊन वडिलांना उतरवलं. पुंजाजींच्या डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा होता. ते आत आले, फोटोंसमोर हात जोडले, मग भिंतीकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. "चांगली हाये," ते म्हणाले. घरातल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. पंचफुलाबाई पाण्याचा तांब्या आणायला निघाल्या.

तेवढ्यात पुंजाजींनी चष्मा काढला.

ते भिंतीजवळ गेले. बोट टेकवून पाहिलं. चार पावलं मागे सरकले, रंगवून झाल्यावर सरकायचे तसेच, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा रंग कोनं मारला?"

पंचफुलाबाई तांब्या हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिल्या. पुंजाजी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, आणि दर तोंडागणिक त्यांचा स्वतःचा चेहरा जरासा उतरत चालला होता. संघदीपला ते बघवलं नाही.

"मी मारला, बाबा."

"तू?"

"हो. दीपूनं खडूनं एसटी काढली होती. पुसता पुसता तुमचा रंग निंघून गेला. म्हून मग मीच कालवला, अन् मीच मारला. काल." यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुरावा म्हणून त्याने निळा कान पुढे केला.

पुंजाजींनी कान पाहिला, बोटाने चोळूनही पाहिला. मग त्यांची मान पुन्हा ताठ झाली आणि त्यांचा आवाज अंगणात ऐकू गेला. "अरे, मी इथं आभाळी मारला होता! हलका! अन् तू हे डांबर लावून ठेवलं? पेंटरचा पोरगा ना तू? किती बाटल्या टाकल्या?"

"सात."

"सात!" पुंजाजी मटकन खुर्चीवर बसले. "दोन टाकाव लागते, बैला! दोन!"

दारात विमलबाई आणि गुरुजी येऊन उभे राहिले होते. पुंजाजींनी त्यांना आत बोलावलं आणि भिंत दाखवली. "तुमीच सांगा गुरुजी, मी मारला होता तो रंग कसा होता?"

गुरुजींनी एकदा संघदीपकडे पाहिलं. "तो रंगच न्यारा होता, पुंजाजी. पोरानं पार नासवला."

"पाह्यलं होतं ना मी," विमलबाई म्हणाल्या. "एकदम हलका होता."

संघदीप मान खाली घालून सगळं ऐकत होता. आठवडाभर ज्याने त्याने त्याची अक्कल काढली होती आणि प्रत्येक वेळी ते त्याला झोंबलं होतं. आज सगळं लेआउट एका सुरात त्याला नावं ठेवत होतं आणि त्याला बरं वाटत होतं. मान मात्र त्याने वर केली नाही, कारण डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी पुंजाजींनी पांढरा डबा मागवला. डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं, तेव्हा ते भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले आणि ब्रश त्यांनी लेकाच्या हातात दिला. त्यांनी पोरांना जन्मात कधी ब्रशला हात लावू दिला नव्हता. शिका, खुर्चीत बसा, हाच त्यांचा हट्ट होता. पंचफुलाबाईंनी एक बाटली ओतली, मग दुसरी, आणि हात आखडता घेतला. पुंजाजींनी डब्यात वाकून न बघता, मान तिरपी करून पाहिलं आणि बस म्हणाले. संघदीप स्टुलावर चढला. त्याने पहिला हात मारला आणि काळवंडलेल्या भिंतीवर वीतभर सकाळ उजाडली. दीपू टाळ्या वाजवू लागली. पुंजाजी मात्र बराच वेळ त्या वीतभर रंगाकडे बघत राहिले.

"असाच," ते शेवटी म्हणाले. "मी मारला होता ना मागच्या साली, अगदी असाच."

"हो बाबा," संघदीप म्हणाला आणि त्याने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.